नव्याचे नऊ आठवडे संपले, आता पुढे?

प्रश्न विचारणारे गृहस्थ नाशिकचे, वय ४४, स्वतःचं मेडिकलचं दुकान. फेब्रुवारीत त्यांनी फोनवर 'काउच टू फाइव्ह के' हा नवशिक्यांचा कार्यक्रम सुरू केला आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पुरा केला. शेवटच्या दिवशी सलग तीस मिनिटं पळाले, घरी पेढे आले. तेव्हापासून आता जुलैच्या मध्यापर्यंत एकूण सहा वेळा पळालेत. शूज गॅलरीत पडून आहेत. त्यांचं म्हणणं असं: नऊ आठवडे एकही दिवस चुकवला नाही, मग आताच काय झालं? संपल्यावर दुसऱ्याच आठवड्यात दम लागायला लागला, तीस मिनिटांत ३.८ किलोमीटरच होतात, त्यात पाऊस, मित्र म्हणतात साताऱ्याला चल, आणि पळणाऱ्यांचा ग्रुप पहाटे साडेपाचला जमतो, तो रात्री साडेदहाला शटर ओढणाऱ्याला जमत नाही. मोटिव्हेशन टिकवायचं कसं? शेवटी जाता जाता त्यांनी एक ओळ लिहिली आहे: "ॲप उघडलं की नुसतं 'अभिनंदन' येतं. पुढचं बटणच नाही."

मी गेली अकरा वर्षं पुण्यात नवख्यांना पळायला शिकवते. वर्षातून दोन बॅच. हा प्रश्न मला प्रत्येक बॅच संपल्यावर साधारण दोन महिन्यांनी येतो, आणि विचारणारा बहुतेक वेळा बॅचमधला सगळ्यात नियमित माणूस असतो. त्यामुळे आधी एक सांगते, तुम्ही आळशी नाही आहात. आळशी माणूस पाचव्या आठवड्यातच गळतो, जिथे एकदम वीस मिनिटं सलग पळायला सांगतात.

तुमचं दुखणं त्या शेवटच्या ओळीत आहे. नऊ आठवडे तुम्ही पळत होतात, पण ठरवत काहीच नव्हतात. कोणत्या दिवशी, किती मिनिटं, कधी थांबायचं, कधी पुन्हा सुरू करायचं, हे सगळं कानातली बाई सांगत होती. तुम्ही फक्त शूज घालत होतात. एप्रिलमध्ये ती बाई गप्प झाली आणि तिचं काम तुमच्या अंगावर आलं. आता दर वेळी आज की उद्या, किती, कुठे आणि किती जोरात, हे सगळं तुम्हीच ठरवायचं. सकाळी सात वाजता डोळे चोळत हे प्रश्न सोडवायला बसलं की उत्तर एकच निघतं: उद्या.

हा कार्यक्रम जॉश क्लार्क नावाच्या अमेरिकन माणसाने १९९६ साली तयार केला. सोफ्यावर बसलेल्याला उठवून पळायला लावायचं, एवढंच त्याने अंगावर घेतलं होतं आणि ते काम तो फार छान करतो. पहिल्या आठवड्यात साठ सेकंद पळणं, नव्वद सेकंद चालणं, आणि नवव्यात अर्धा तास सलग. उठलेला माणूस पुन्हा बसू नये याची सोय त्यात नाही, आणि ती असायला हवी होती असं म्हणणंही बरोबर नाही.

आपल्याकडे नव्याचे नऊ दिवस म्हणतात. तुमचे नऊ आठवडे टिकले, पण तरीही ते नव्याचेच होते. हिशोब करून बघा. आठवड्याला तीन वेळा, नऊ आठवडे, म्हणजे एकूण २७ वेळा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात ९६ जणांनी खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एक साधी गोष्ट रोज करायची होती. ती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. साधारण म्हणजे कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा हिशोब निघाला. पाणी पिण्यासारख्या गोष्टी लवकर बसल्या, व्यायामाला जास्त वेळ लागला. शिवाय ते रोजचं होतं. तुमचं दिवसाआड, आणि २७ वेळाच. सवय मोडली असं तुम्हाला वाटतंय. माझ्या मते ती अजून लागलीच नव्हती.

दुकानाचं घ्या. नऊला शटर वर जातं. त्याआधी तुम्ही 'आज दुकान उघडायचा मूड आहे का' असं स्वतःला विचारता का? पाऊस असो, घरात पाहुणे असोत, आदल्या रात्री लग्नाला जाऊन एक वाजता झोपलेले असा, शटर वर जातं. तिथे हुरूप लागत नाही, तिथे शिरस्ता आहे. पळण्याच्या बाबतीत तुम्ही हुरूप शोधताय, आणि हुरूप हा पाहुण्यासारखा, आला तर उत्तम.

आता काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत, त्या आधी बाजूला काढते.

पहिली, तब्येत. दम लागायला लागला असं तुम्ही लिहिलंय. त्याचं कारण बहुधा साधंच आहे, ते पुढे सांगते. पण छातीत जडपणा, जबड्यात किंवा हातात जाणारी कळ, चक्कर, किंवा घरात कुणाला कमी वयात हृदयविकार, यातलं काही असेल तर बाकी सगळं वाचायच्या आधी डॉक्टर. मेडिकलवाल्याला हे सांगणं म्हणजे आगाऊपणा, पण माझा अनुभव असा की अख्ख्या गल्लीला गोळ्या देणारा माणूस स्वतःचं बी.पी. सगळ्यात शेवटी मोजतो.

दुसरी, दुकानात तासभर सांभाळेल असा भरवशाचा माणूस आहे का. याचं उत्तर उन्हाळ्यात फार महत्त्वाचं ठरणार आहे.

तिसरी, तुम्हाला पळणं आवडतं का. हा प्रश्न मी उगाच विचारत नाही. काहींना पूर्ण करणं आवडतं, पळणं नाही. माझ्याकडे एक शाळेतल्या बाई होत्या, २७ पैकी २७ दिवस हजर, शेवटच्या दिवशी सगळ्यांत पुढे. महिन्याने भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "मॅडम, खरं सांगू? मला प्रत्येक मिनिट नकोसं वाटायचं." आता त्या रोज सकाळी पर्वती चढतात, एक दिवसही चुकवत नाहीत. मी त्यांना माझ्या यशात धरते. तुमचं तसं असेल तर पांडवलेणीच्या पायऱ्या आहेतच, त्यात काही कमीपणा नाही. पण तुम्ही तसे वाटत नाही. तुम्ही लिहिलंय की पळून आलेल्या दिवशी काउंटरवर चिडचिड होत नव्हती, सुट्ट्या पैशांवरून गिऱ्हाइकाशी वाद घालावासा वाटत नव्हता. ज्याला पळणं नुसतं सोसायचं असतं, त्याला हे आठवत नाही.

आता दम लागण्याविषयी. तुम्ही सकाळी सव्वासातला पळता. फेब्रुवारीत नाशिकला त्या वेळी अंगात स्वेटर असतो. एप्रिलच्या मध्यावर त्याच वेळी ऊन चटके द्यायला लागतं. उकाड्यात शरीराला थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, त्यामुळे त्याच वेगाला हृदयाचे ठोके वाढतात आणि धाप लागते. तुमची तयारी दोन आठवड्यांत कुठे गेली नव्हती, हवा बदलली होती. वेग कमी केला असता तर भागलं असतं. पण तो कमी का केला नाहीत, ते त्या ३.८ मध्ये दडलंय.

तुमचा मुख्य घोटाळा मला इथे दिसतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. कार्यक्रमाच्या नावात 'पाच किलोमीटर' आहे आणि शेवटी तीस मिनिटं पळायला सांगतात. म्हणजे तीस मिनिटांत पाच किलोमीटर झाले पाहिजेत असा सगळ्यांचा समज होतो. त्यासाठी किलोमीटरला सहा मिनिटांचा वेग लागतो. चाळिशीतला, नऊ आठवड्यांपूर्वी जिना चढताना धापा टाकणारा माणूस त्या वेगाने सहसा पळत नाही. माझ्या बॅचमध्ये बहुतेकांचे साडेतीन ते चार किलोमीटर होतात. तुमचे ३.८, म्हणजे किलोमीटरला आठ मिनिटांच्या जरा आत. अगदी ठीक आहे. पेढे खोटे नव्हते.

पण तुम्ही काय केलंत? नंतरच्या सहाही वेळा पाच किलोमीटर तीस मिनिटांत बसवायचा प्रयत्न केलात. म्हणजे सहा वेळा परीक्षेला बसलात आणि सहाही वेळा नापास झालात. सातव्यांदा कोण जाईल? माणूस पळण्याला कंटाळत नाही हो, रोज नापास व्हायला कंटाळतो.

त्यामुळे पहिली गोष्ट, हळू पळा. किती हळू? पळता पळता शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. आमच्या बॅचमध्ये मी पाढे म्हणायला लावते. बाराचा पाढा न अडखळता म्हणता आला तर वेग बरोबर. "बारा चोक" म्हणून पुढे नुसताच श्वास ऐकू आला की वेग जास्त. एकोणीसचा पाढा मागू नये, तो बऱ्याच जणांना बसूनही येत नाही. या वेगाला शेजारून एखादे काका चालत पुढे निघून जातील. जाऊ द्या. मध्ये मिनिटभर चालावंसं वाटलं तर चाला, त्याने पळणं बाद होत नाही. घड्याळावर किलोमीटर दिसतच असतील तर त्यावर मनगटपट्टी चढवा आणि फक्त मिनिटं मोजा. निदान दिवाळीपर्यंत.

हळू पळायचं दुसरंही कारण आहे, आणि ते मी स्वतःच्या नडगीवर शिकले. पस्तिशीत पहिल्यांदा अर्धा तास सलग पळाले तेव्हा मला इतका चेव आला की दुसऱ्या दिवसापासून रोज, आणि रोज आदल्या दिवसापेक्षा जोरात. पाचव्या आठवड्यात उजवी नडगी दुखायला लागली. मी तेल लावून पळत राहिले. मग जिना उतरताना पाऊल टेकवेना आणि पुढचे दोन महिने सगळं बंद. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात, स्नायूबंध आणि हाडांना महिने लागतात. म्हणजे छाती 'चल' म्हणते तेव्हा पाय अजून तयार नसतात. कार्यक्रम संपल्यानंतरचे तीन-चार महिने या बाबतीत सगळ्यात फसवे. तुमचं पळणं या काळात बंद राहिलं, निदान नडगी तरी वाचली.

आता आठवडा कसा लावायचा. दिवस ठरवून टाका: मंगळवार, गुरुवार, रविवार. मंगळवार-गुरुवार सकाळी सात वीस, घराच्या दारापासून, एकच रस्ता, जाताना जितकी मिनिटं तितकीच येताना. मुद्दाम कंटाळवाणं ठेवायचं. रस्ता रोज बदला, नवी गाणी लावा असे सल्ले तुम्हाला मिळतील. माझा अनुभव उलटा आहे. कामाच्या दिवशी जितकं कमी ठरवावं लागेल तितकं पळणं घडतं.

रविवारी तुमचं दुकान दुपारनंतर बंद असतं असं लिहिलंय, तर तो दिवस चैनीचा. संध्याकाळी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर जा. त्याचं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पण अख्खं नाशिक त्याला गोल्फ क्लबच म्हणतं. बायको-मुलांना घेऊन जा, त्यांनी चालावं, तुम्ही पळावं, नंतर भजी. किंवा सोमेश्वरच्या बाजूला जा. वेळ पाळायची, बाकी सगळं मोकळं.

बाहेर पडण्यापुरत्या दोन क्लृप्त्या. आमच्या बॅचमधल्या एक काकू, वय ६१, रात्री झोपताना घराची किल्ली डाव्या शूजमध्ये टाकतात. सकाळी दुधाची पिशवी आणायला खाली जायचं तर किल्ली हवी, किल्ली शूजमध्ये. शूज हातात आला की म्हणतात, आता आलाच आहे तर घालू. सहा वर्षं हे चाललंय. तुमच्याकडे दुकानाच्या किल्ल्या आहेत, त्या टाका.

दुसरी, दहा मिनिटांचा करार. बाहेर पडायचं, दहा मिनिटं हळू पळायचं, आणि त्यानंतर नको वाटलं तर परत फिरायचं. खरोखर फिरायचं, मनाला लाज न लावता. पहिली दहा मिनिटं सगळ्यांनाच वाईट जातात, अकरा वर्षं पळायला शिकवणाऱ्या मलासुद्धा. शरीराला गाडी गरम करायला वेळ लागतो आणि तोवर दम आधी लागतो. पुष्कळ लोक पळणं सोडतात ते या दहा मिनिटांवर मत बनवून. करार खरा ठेवलात तर परत फिरायची वेळ फार थोड्यांदा येते.

पाऊस. नाशिकचा पाऊस कोकणासारखा नाही, सकाळी बहुतेक वेळा पळता येतं. टोपी पुढे झाप असलेली घाला म्हणजे पाणी डोळ्यांत जात नाही. मांड्या आणि काखा जिथे घासतात तिथे व्हॅसलीन. फोनला औषधांची झिपची पिशवी, ती तुमच्याकडे ढिगाने असेल. शेवाळलेले पेव्हर ब्लॉक टाळा आणि साचलेल्या पाण्यातून पळू नका, खाली उघडं चेंबर असू शकतं. विजा असतील तर घरी. ओले शूज उन्हात किंवा हीटरपुढे ठेवू नका, चिकटवलेला सोल सुटतो. आतला तळवा काढायचा, वर्तमानपत्राचे बोळे करून पुढच्या टोकापर्यंत कोंबायचे, दोन तासांनी बदलायचे. सकाळपर्यंत घालण्याजोगे होतात.

आणि अगदीच बाहेर जाता येत नसेल तर सोसायटीचं पार्किंग. आमच्याकडच्या एका मुलीने अख्खा एक पावसाळा इमारतीखाली फेऱ्या मारून काढला. फेरी ३४० मीटरची. डाव्या खिशात अकरा खडे, प्रत्येक फेरीला एक उजव्या खिशात. सहाव्या खड्याला दिशा उलटी, म्हणजे एकाच पायावर वळणाचा भार येत नाही. वॉचमन आधी हसायचा, मग तोच गाड्या नीट लावून घ्यायला लागला.

माणसांबद्दल. साडेपाचचा ग्रुप सोडून द्या. रात्री साडेदहाला दुकान बंद करून, जेवून, बाराच्या सुमारास आडव्या होणाऱ्या माणसाने पाचला उठून पळणं म्हणजे झोपेचं कर्ज काढणं. ते दहा दिवस चालेल, अकराव्या दिवशी पळणं आणि झोप दोन्ही जाईल. चाळीस जणांच्या ग्रुपची तुम्हाला गरजही नाही. एक माणूस हवा, जो मंगळवारी सात वीसला कोपऱ्यावर उभा असेल. तो पळणारा नसला, चालणारा असला तरी चालेल. आपली कुणी वाट बघतंय या लाजेइतकं जोरदार इंधन मला अजून सापडलेलं नाही. ग्रुपच्या व्हॉट्सॲपला मात्र तीन महिने म्यूट करा. दुसऱ्याचे २१ किलोमीटर सकाळी सात वाजता बघून आपले साडेतीन कुणालाच मोठे वाटत नाहीत.

तीच गोष्ट व्हिडिओंची. नाशिकमध्ये पळण्याचा विषय निघाला की कविता राऊतचं नाव येतंच, आणि यायलाच हवं. सावरपाड्यासारख्या आदिवासी पाड्यातून येऊन २०१० च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला ब्राँझ म्हणजे गंमत नाही. पण सोमवारी रात्री अशी शर्यत बघून अंगावर काटा येतो, आणि मंगळवारी सकाळी तो काटा बिछान्यातून ओढून बाहेर काढत नाही. बघा जरूर, फक्त त्याला तयारी समजू नका.

सातारा. मित्र ज्या शर्यतीला बोलावताहेत ती सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होते आणि ती २१ किलोमीटरची आहे. अर्धा रस्ता यवतेश्वरचा घाट चढायचा आणि तोच उतरायचा. चढताना सगळे सांभाळून असतात, गुडघे आणि मांड्या निकामी होतात त्या उतारावर. वातावरण फार सुंदर असतं, मी स्वतः धावलेय. पण आज तीस मिनिटंही सुटलेल्या माणसाने दोन महिन्यांत तिथे जाऊ नये. मित्रांना सांगा, पुढच्या वर्षी बघू. यंदा त्यांच्याबरोबर जाऊन रस्त्याकडेला उभं राहून टाळ्या वाजवा, तेही चांगलं काम आहे.

शर्यत हवीच असेल तर हिवाळ्यातली पाच किंवा फार तर दहा किलोमीटरची. पैसे भरले की माणूस पळतो, हे खरं आहे. पण हा भाड्याने घेतलेला हुरूप आहे, शर्यतीच्या दिवशी त्याची मुदत संपते. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. डिसेंबरमध्ये आमच्या मैदानावर पाय ठेवायला जागा नसते आणि फेब्रुवारीत पुन्हा आम्ही जुनेच दहा-बारा जण असतो. तुमच्या एप्रिलसारखंच ते. म्हणून मी शर्यतीला नाव नोंदवणाऱ्याला विचारते, त्यानंतरच्या मंगळवारी किती मिनिटं पळणार? ते आधी लिहून दे, मग फॉर्म भर.

'पुढे काय' हा तुमचा खरा सल आहे असं मला वाटतं. पाच झाले की दहा, दहा झाले की एकवीस, ही शिडी आपण सगळे गृहीत धरतो. ती चढलीच पाहिजे असं कुठे आहे? जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला दीडशे मिनिटं मध्यम किंवा ७५ मिनिटं दमवणारा व्यायाम सांगते. पळणं दुसऱ्या प्रकारात येतं. तुमचे तीन वेळा तीस, म्हणजे नव्वद. झालं की. आयुष्यभर आठवड्यातून तीनदा अर्धा तास हळू पळणारा माणूस अर्धवट राहिलेला धावपटू नसतो. तुम्ही सकाळी दुकान उघडता ते दर वर्षी एक नवी शाखा काढायची म्हणून नाही.

चुकण्याबद्दल. गणपतीत चुकेल, दिवाळीत चुकेल, स्टॉक मोजायच्या दिवशी चुकेल. वर सांगितलेल्या अभ्यासातही एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नव्हता. माझा नियम असा: एक दिवस चुकला तर विसरून जा, भरून काढू नका. लागोपाठ दोन चुकले तर तिसऱ्या दिवशी फक्त दहा मिनिटं, पण ती टाळायची नाहीत. दोन आठवडे गेले तर मिनिटं एक तृतीयांशाने कमी करून सुरू करा. महिना किंवा जास्त गेला तर सरळ कार्यक्रमात मागे जा. 'पुन्हा शून्यापासून' हे फक्त डोक्यात असतं, पाय इतकं विसरत नाहीत.

तुमच्यासाठी मी चौथा आठवडा सुचवेन. तीन मिनिटं पळणं, दीड मिनिट चालणं, पाच मिनिटं पळणं, अडीच मिनिटं चालणं, मग पुन्हा तीन, दीड, पाच. हे सोपं वाटेल, वाटू द्या. कानातली बाई पुन्हा बोलायला लागेल, पण या वेळी तिला फक्त मिनिटं सांगू द्या. दिवस आणि वेळ तुमची. सप्टेंबरमध्ये ती पुन्हा 'अभिनंदन' म्हणून गप्प होईल, तेव्हा तुमचा मंगळवार चालूच असेल. मग तीस मिनिटांवर दोन-तीन महिने तसेच थांबा. मार्चमध्ये, ऊन तापायच्या आधी, दुकानातल्या माणसाशी बोलून मंगळवार-गुरुवारचं पळणं उशिरा संध्याकाळी न्या. हे आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण एप्रिलमध्ये सुचत नाही.

आणि एक छोटी वही. वेगळी नको, ऑर्डरबुकचं शेवटचं पान पुरे. पळून आलात की दुकानात बसल्यावर एक ओळ: किती मिनिटं, आणि सकाळ कशी गेली. किलोमीटर लिहू नका. 'गुरुवार, २० मि., स्टॉकिस्टने माल चुकीचा पाठवला, तरी ओरडलो नाही.' असल्या पंधरा-वीस ओळी झाल्या की पळायचं कशासाठी हे मला किंवा कुणाला विचारावं लागणार नाही.

तर घाईत असाल तर इतकंच: तीन दिवस आणि वेळ ठरवा, बाराचा पाढा म्हणता येईल इतकं हळू पळा, कोपऱ्यावर एक माणूस शोधा, यंदा सातारा नको, चौथ्या आठवड्यापासून सुरू करा. दम लागण्याबरोबर दुसरं काही होत असेल तर त्याआधी डॉक्टर.

येत्या मंगळवारीच सुरू करा. सोमवारी रात्री गॅलरीतले शूज आत घ्या, किल्ल्या आत टाका. पण त्याआधी वर्तमानपत्राचे बोळे मोजून काढा. एक हमखास पार टोकाशी राहतो आणि पहिल्या वळणावर अंगठ्याला कळतं. मी मागच्याच आठवड्यात अर्धा किलोमीटर तसाच घेऊन पळाले.